सण सरकतो, मग शरीर का सरकवायचं?

श्रावण तोंडावर आला की घरातली बाई कॅलेंडर दोनदा बघते. एकदा सणांच्या तारखांसाठी आणि एकदा स्वतःच्या तारखेसाठी. पहिलं बघणं सगळ्यांसमोर होतं, दुसरं गुपचूप. बोटांवर हिशेब होतो, कपाळाला आठी पडते आणि मग जाऊबाईंच्या नाहीतर शेजारणीच्या कानाशी हळूच प्रश्न जातो, "ती गोळी कुठली गं? तुम्ही मागच्या वर्षी घेतली होती ती?"

मैत्रिणींनो, पाळी पुढे ढकलण्याची गोळी आता आपल्याकडे नवलाईची राहिलेली नाही. लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण, तिरुपतीची यात्रा, काहीही ठरलं की सामानाच्या यादीत तीही असते. फरक एवढाच, की हळदकुंकू, सुपाऱ्या, खारका वाण्याच्या चिठ्ठीवर लिहिल्या जातात आणि ही गोळी कुठेच लिहिली जात नाही. त्यामुळे तिच्याबद्दल जे कळायला हवं तेही कुणी कुणाला सांगत नाही. आज तेच बोलू या.

छप्पन्न दिवसांची कसरत

इथे म्हैसूरच्या हिनकल भागात राहणाऱ्या मराठी बाईला तर सणांची दुहेरी रांग लागते. हुणसूर रस्त्यावरचं हे जुनं गाव आता शहराच्या पोटात गेलं आहे. माहेरचे सण सोबत येतातच आणि शेजारधर्माने इथलेही आपले होतात. श्रावणात पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी घरोघरी वरमहालक्ष्मीचा कलश बसतो. भाद्रपदातल्या तृतीयेला आपली हरितालिका आणि कानडी शेजारणींची स्वर्णगौरी एकाच दिवशी. दुसऱ्या दिवशी गणपती, मग आपल्या ज्येष्ठा गौरी. पितृपक्ष संपला की घट, बाहुल्यांची मांडणी आणि शेवटी सगळं शहर ज्याची वाट बघतं तो दसरा.

आता २०२५ सालचंच उदाहरण घ्या. त्या वर्षी वरमहालक्ष्मी ८ ऑगस्टला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. दोन्ही दिवस धरून बरोबर ५६ दिवस, म्हणजे २८ दिवसांची दोन पूर्ण चक्रं. समजा, एखादीची तारीख २६ ऑगस्टला, नेमकी हरितालिकेला येत होती. गणपती आणि गौरी निभावून न्यायच्या म्हणून तिने २३ ऑगस्टपासून गोळ्या सुरू केल्या आणि २ सप्टेंबरला, गौरी विसर्जनाच्या दिवशी थांबवल्या. दिवसाला तीन या हिशेबाने अकरा दिवसांत ३३ गोळ्या पोटात गेल्या. पाळी आली ४ सप्टेंबरच्या आसपास. तिथून २८ दिवस मोजा. पुढची तारीख येते २ ऑक्टोबर, म्हणजे थेट दसऱ्याला! आणि गोळी घेतलीच नसती तर? पुढची पाळी २३ सप्टेंबरला, घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी आली असती.

म्हणजे कसंही केलं तरी कुठला ना कुठला सण आडवा येणारच. एक सण सांभाळायला घेतलेली गोळी पुढच्या सणाला दुसरी गोळी मागते. सर्वांचे सण सुरळीत पार पाडणं ही एकट्या बाईच्या शरीराची जबाबदारी ठरली, की हे चक्र थांबत नाही.

ही गोळी करते काय?

या गोळीतल्या औषधाचं नाव नॉरएथिस्टेरॉन. बाजारात ते प्रायमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी मिळतं. १९५१ साली मेक्सिको शहरातल्या सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत लुइस मिरामोंतेस या तरुण रसायनतज्ज्ञाने कार्ल जेरासी आणि जॉर्ज रोझेनक्रांझ यांच्या हाताखाली ते प्रथम बनवलं. त्यासाठी लागणारा कच्चा माल मिळाला होता आपल्या करांद्याच्या जातकुळीतल्या एका जंगली कंदापासून. १९५७ मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरचा उपचार म्हणून. अतिरक्तस्राव, अनियमित पाळी अशा दुखण्यांवर आजही ते उपयोगी पडतं. तेव्हा गोळीला उगाच नावं ठेवायला नकोत. ती चांगलं काम करणारं औषध आहे, पण औषध आहे, प्रसाद नव्हे.

बीज बाहेर पडल्यानंतर आपलं शरीर प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करतं. त्याच्या आधाराने गर्भाशयाचं आतलं अस्तर टिकून राहतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी हे संप्रेरक ओसरतं, अस्तराचा आधार सुटतो आणि पाळी येते. गोळीतलं औषध प्रोजेस्टेरॉनचीच भूमिका वठवतं. शरीरातला आधार संपला तरी बाहेरून दिलेला आधार अस्तराला धरून ठेवतो. गोळी थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते.

म्हणूनच ती तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करायची असते. सहसा ५ मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा देतात. पाळी सुरू झाल्यावर किंवा आदल्या रात्री घाईघाईने गिळलेल्या गोळीचा भरवसा नसतो. तारखाच अनियमित असतील तर हिशेब आणखी अवघड. मात्र हे प्रमाण इथे वाचलं म्हणून कुणी परस्पर गोळ्या सुरू करू नयेत. किती घ्यायच्या, किती दिवस घ्यायच्या आणि मुळात घ्यायच्या का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचं.

आणखी एक मोठा गैरसमज आहे. पाळी थांबली म्हणजे गर्भही राहणार नाही, असं अनेकींना वाटतं. अशा पद्धतीने घेतलेली ही गोळी गर्भनिरोधक म्हणून चालत नाही. गोळ्या बंद करून आठवडा उलटला आणि पाळी आली नाही, तर गर्भचाचणी करून डॉक्टरांना भेटायला हवं. नव्या लग्नाच्या मुलींच्या बाबतीत तर हे आवर्जून सांगायला हवं. दिवस गेले असण्याची शंका असेल तर ही गोळी घ्यायचीच नसते आणि नेमकी हीच शंका सासरी पहिल्या मंगळागौरीच्या गडबडीत बोलून दाखवायला ती मुलगी संकोचते.

काउंटरवर न विचारलेले प्रश्न

निरोगी बाईने डॉक्टरांना विचारून एखाद्या वेळी ही गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. कुणाचं पोट फुगतं, कुणाची छाती दुखरी होते, मळमळतं, डोकं धरतं, चिडचिड होते. कधी गोळ्या चालू असतानाच थोडे डाग दिसतात. नंतर आलेली पाळी जरा जास्त जाऊ शकते. हे सगळं सोसण्यासारखं असतं. प्रश्न आहे तो ज्यांनी ही गोळी घ्यायलाच नको त्यांचा.

शरीरात गेल्यावर या औषधाचा थोडा भाग इस्ट्रोजेन जातीच्या संप्रेरकात बदलतो. इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते. पायाच्या खोल शिरेत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे, ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना झाली आहे, ज्यांची अर्धशिशी डोळ्यांपुढे चमक येऊन सुरू होते, ज्यांचं वजन खूप जास्त आहे, ज्या धूम्रपान करतात किंवा ज्यांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी हे आधी सांगायलाच हवं. यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ही गोळी नको. बाळ अंगावर पीत असेल तरी विचारल्याशिवाय नको. क्षयाची किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर त्यांचा आणि या गोळीचा मेळ बसत नाही. धोका असलेल्या काही जणींना डॉक्टर निराळं, त्या मानाने सुरक्षित औषध देऊ शकतात. तेही विचारलं तरच कळतं.

खरं म्हणजे ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची असते. पण आपल्याकडे धाकट्या दिराला दुकानात पिटाळलं जातं, किंवा नवरा ऑफिसातून येताना पाकीट घेऊन येतो. गोळी ज्या बाईच्या पोटात जाणार, ती काउंटरपर्यंत पोहोचतच नाही. मग तिला अर्धशिशी आहे का, तिच्या वडिलांच्या पायात गुठळी झाली होती का, हे कोण कुणाला विचारणार? जाऊबाईंना गोळी मानवली म्हणून आपल्यालाही मानवेल, असं नसतं. साडी एकीची दुसरीला होते, औषधाचं तसं नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रक्तवाहिन्यांच्या एका शल्यतज्ज्ञांनी मुलाखतीत सांगितलेली हकीकत देशभर गाजली. अठरा वर्षांची मुलगी. घरात पूजा होती म्हणून तिने पाळी लांबवण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या. पाय आणि मांडी दुखू लागली म्हणून मैत्रिणी तिला दवाखान्यात घेऊन आल्या. तपासणीत गुठळी पायापासून बेंबीपर्यंत पसरलेली दिसली. लगेच दाखल करा असं डॉक्टरांनी सांगितलं, पण घरच्यांनी सकाळी बघू असं ठरवलं. त्याच रात्री ती गेली. असं हरेक गोळीमागे होत नाही, तरुण निरोगी मुलींमध्ये तर ते फार विरळा. तरीही ही हकीकत सांगावीशी वाटते, कारण धोक्याची खूण दिसली होती आणि हाताशी वेळही होता.

ती खूण आपण सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवी. गोळ्या चालू असताना किंवा नुकत्याच बंद केल्यावर एकाच पायाची पोटरी किंवा मांडी दुखली, सुजली, गरम लागली, एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, भयंकर डोकं दुखलं, दिसायला अंधुक झालं किंवा डोळे पिवळे झाले, तर गोळी थांबवून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. पूजा अर्ध्यावर राहिली तरी चालेल. आणि तिथे गेल्यावर "गोळी घेतली होती" हे लाजेने लपवायचं नाही.

गोळी कुणाच्या मनाने?

गोळी कशासाठी घ्यायची हा ज्या त्या बाईचा प्रश्न आहे. परीक्षा आहे, खेळाची स्पर्धा आहे, हिमालयात चढायला जायचं आहे, स्वतःच्या लग्नात पोटदुखी नको आहे, किंवा मनापासून देवदर्शनाची ओढ आहे. तिने स्वतः ठरवलं, डॉक्टरांना विचारलं, तर कुणी नाक मुरडायचं कारण नाही. पंढरीच्या वाटेवर निघालेल्या बाईची श्रद्धा आणि हाजला निघालेल्या बाईची श्रद्धा, दोन्ही तिच्या आपल्या आहेत.

पण "गौरी तोंडावर आल्यात, सूनबाई, तेवढं बघून ठेवा," हे वाक्य वेगळं. त्यात विचारणं नसतं, ठरवून टाकणं असतं. "बघून ठेवा" म्हणजे काय ते सुनेला बरोबर कळतं. तिला डोकेदुखी होते, मागच्या वेळी गोळीने उलट्या झाल्या होत्या, हे सांगायची सोय त्या वाक्यात नसते. सासूबाई दुष्ट असतात असंही नाही. त्यांच्या वेळी गोळी मिळायला कठीण होती, चार दिवस बाजूला बसून त्यांनी कितीतरी सण हुकलेले पाहिले होते. सुनेचा सण हुकू नये, असंच त्यांना वाटत असतं. पूर्वी बाईला कोपऱ्यात बसवायचे, आता गोळी देऊन कामाला उभं करतात. तिच्या पाळीला घरात जागा नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

परंपरेनेच ठेवलेल्या पळवाटा

यावर कुणी म्हणेल, रूढी आहे, करायचं काय? तर रूढीकडेच नीट बघू या. संक्रांतीचं हळदीकुंकू त्याच दिवशी करायची सक्ती नाही, रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत करता येतं. मंगळागौर श्रावणातल्या कुठल्याही मंगळवारी पुजता येते. वरमहालक्ष्मीचा ठरलेला शुक्रवार चुकला तर श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी व्रत करण्याची पद्धत इथे कानडी घरांतही आहे. सत्यनारायणाला तर तिथीचं बंधनच नाही. आपल्या आज्या-पणज्यांना घरात चार-पाच बायका असताना प्रत्येकीच्या सवडीने सण पार पाडायचे होते. या ऐसपैस मुदती त्यांच्या केवढ्या सोयीच्या पडल्या असतील! त्यांनी सण सरकवला. आपण मात्र हाताशी गोळी आली म्हणून शरीर सरकवू लागलो.

आणि विटाळाची कल्पना सगळ्यांनी मुकाट मान्य केली होती, असंही नाही. बाराव्या शतकात याच कर्नाटकात बसवण्णांच्या शरण परंपरेने पाच सुतकं नाकारली. जन्म, मृत्यू, उष्टं, जात आणि पाळी, यांतलं काहीच माणसाला अपवित्र करत नाही, ही त्यांची शिकवण. आपल्याकडे चौदाव्या शतकात चोखोबांच्या सोयराबाईंनी अभंगातून विटाळालाच जाब विचारला. किनाऱ्यावरच्या तुळुनाडूत आजही फेब्रुवारीच्या सुमाराला केड्डस नावाचा सण पाळतात. त्या दिवसांत धरणीमाता रजस्वला असते असं मानून जमिनीला नांगर लावत नाहीत, तिला विश्रांती देतात. आसामातल्या कामाख्या देवीचं मंदिर याच कारणासाठी आषाढात तीन दिवस बंद असतं आणि चौथ्या दिवशी दर्शनाला लाखांची रीघ लागते. धरतीची आणि देवीची पाळी पवित्र, घरच्या लक्ष्मीची मात्र अडचण, हे कसं?

देवाचं निमित्त नसतानाही

पाळी ही अडचण ठरली की गोष्ट कुठपर्यंत जाते, ते महाराष्ट्राने २०१९ साली पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न तेव्हा विधिमंडळात गाजला. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि एक दिवस खाडा झाला की कापली जाणारी रक्कम. पाळीत काम थांबवणं परवडत नाही, फडात ना आडोसा ना पाणी. दुखणं घेऊन दवाखान्यात गेल्यावर गर्भाशयच काढून टाकण्याचा सल्ला मिळालेल्या कितीतरी जणी होत्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती.

गौरीसाठी घेतलेली गोळी आणि हे ऑपरेशन यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दोन्हीच्या मुळाशी विचार मात्र एकच, की कामात खंड पडता कामा नये आणि त्यासाठी शरीराने नमतं घ्यावं. याच्या उलट दिशेने टाकलेलं एक पाऊलही सांगायला हवं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने नोकरदार बायकांना पाळीसाठी महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा भरपगारी रजा देण्याच्या धोरणाला मंजुरी दिली. बिहार सरकारने तर आपल्या कर्मचारी स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची अशी सवलत १९९२ सालापासून दिली आहे. कचेरीला जे सुचलं ते घराला सुचायला हरकत नसावी.

एवढं करून बघा

घेणारच असाल, तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा. स्वतः जा. म्हैसुरात सरकारी चेलुवांबा रुग्णालय खास स्त्रिया आणि मुलांसाठीच आहे, तुमच्या गावीही सरकारी दवाखाना असेलच. जाताना शेवटच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, चालू असलेल्या औषधांची नावं आणि घरातल्या आजारांची माहिती कागदावर लिहून न्या. जास्त दिवस गोळ्या घ्याव्या लागणार असतील, तर किती दिवस हे स्पष्ट विचारा. वर्षातून तीन-चार वेळा ही गोळी लागत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. पाळी फार जाते, फार दुखते म्हणून ती नकोशी होत असेल, तर ढकलत राहण्यापेक्षा त्या दुखण्यावरच उपाय करून घ्यायला हवा. गाठ असेल, थायरॉइड असेल, अंगात रक्त कमी असेल.

घरात मोठ्या असाल, तर सणाची बैठक बसेल तेव्हा कामांची वाटणी दुहेरी करून ठेवा. नैवेद्य हिने नाहीतर तिने, पूजा सुनेने नाहीतर मुलाने. गणपतीची प्राणप्रतिष्ठा पुरुष करतात, गौरीपुढे हात जोडून दोन फुलं वाहायला त्यांना काय अडतं? पुरणपोळ्या जमत नसतील तर विकत आणल्याने गौरी रुसल्याचं ऐकिवात नाही. ज्या घरात पाळीतही देवघरात जायला मनाई नाही, तिथे तर प्रश्नच मिटला.

आणि घरात वयात येणारी मुलगी असेल, तर तिच्यासमोर हे बोलणं दबक्या आवाजात नको. आज ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून सगळं ऐकत असते. सणासाठी गोळी घ्यायची असते, ती कुणाकडून तरी मागवायची असते आणि त्याबद्दल बोलायचं नसतं, एवढंच तिच्या मनावर ठसतं. त्याऐवजी आईने सरळ सांगितलं, "माझी पाळी आहे, या वर्षी आरतीचं ताट बाबा धरतील आणि तू घंटा वाजव," तर तिला निराळं काहीतरी कळेल. उद्या तिच्यासमोर कुणी गोळीचं पाकीट ठेवलं, तर ते उचलण्याआधी दोन प्रश्न विचारायची हिंमत तिच्यात असेल.